चौथ्या नाचणाऱ्याचं नाव

"…पण त्याला माघारी बोलवायचं कसं, आजोबा?"

वेंडेलचा आवाज घरात मावत नव्हता. अमेरिकेतल्या अपाची आदिवासींच्या वस्तीच्या वरच्या अंगाला, बर्फाच्या डोंगराखाली, एक मोठं हॉटेल आहे. तिथं पाहुण्यांना आपल्या लोकांच्या चालीरीती सांगायचं त्याचं काम. भोंग्यावर बोलून बोलून माणसाचाच भोंगा झालेला.

लिअँडर आजोबा बटाटे सोलत होते. वस्तीत नाचाची गाणी तेच शिकवतात. वेंडेललाही त्यांनीच शिकवली. गाणी शिकला, गप्प बसणं तेवढं राहून गेलं.

"कुणाला बोलवायचंय?"

"माझ्या भावाला. अर्विनला."

"पहिल्यापासून सांग."

"शनिवारी हॉटेलात देवांचा नाच होता, चौघांचा. भर दुपारी…"

"दुपारी?"

"पाहुणे संध्याकाळी जेवायला बसतात, आजोबा."

"बरोबर आहे. देवांनी लोकांच्या जेवणाच्या वेळा सांभाळायलाच हव्यात."

आता तुम्हाला सांगून ठेवतो. डोंगरातले देव नाचायला येतात ते रात्री, तोंडावर काळं फडकं, डोक्यावर लाकडी मुकुट, पट्ट्याला पत्र्याचे घुंगरू. आत कोण आहे ते ओळखायचं नाही. ओळखलं तरी नाव घ्यायचं नाही. आपल्याकडं सोंगातल्या राक्षसालासुद्धा "काय रे, म्हैस व्याली का?" म्हणून विचारतात. तिथं तसं नाही.

"मी भोंग्यावरून सांगितलं, चौथा आमचा अर्विन, टाळ्या होऊ द्या! त्यानं वळून माझ्याकडं पाहिलं. नाच संपला. तिघं कपडे बदलायला गेले. चौथा… बर्फातनं वर चालत गेला."

"आणि अर्विन?"

"त्याची गाडी खालच्या वळणावर रुतली होती. तो आलाच नव्हता."

सुरी थांबली. मग पुन्हा चालू झाली.

"तेव्हापासून अर्विन घरात असून हाकेला वळत नाही. अन्नाला शिवत नाही. आई दारातून हाक मारते आणि 'ओ' येते डोंगरातून."

"नाव चौथ्याबरोबर गेलं म्हणायचं. मग तू काय केलंस, शहाण्या?"

वेंडेलची मान खाली गेली.

"हॉटेलनं पाटी लावली. बोलणारा डोंगर, रोज सकाळी दहा वाजता. अर्विनच्या नावानं हाक… मी मारायचो."

"पाहुणे खूश?"

"एका बाईनं दोनदा मारायला लावली."

"आणि ओ?"

"रोज थोडी जवळून. आज झाडांच्या मागूनच आली. तेवढ्यात अर्विन घरातून उठला, अनवाणी झाडांत शिरला. ठसे बघत गेलो, तर मध्येच संपलेत. आजोबा, मला वर जाऊ द्या. एकेक वाट मला पाठ आहे."

"जा की. जाऊन काय करशील?"

"हाक मारीन."

"मग इथूनच मार बघू."

वेंडेलनं छाती भरून घेतली. तोंड उघडलं…

उघडंच राहिलं.

खिडकीबाहेर वारा नव्हता. तरी एकाच झाडाच्या फांद्यांवरून बर्फ गळत होता.

त्यानं तोंड मिटलं आणि खाली बसला. आजोबांनी दुसरी सुरी त्याच्याकडं सरकवली. दोघं सोलू लागले. बटाटे शिजले. दुपार कलली. वेंडेल अवाक्षर बोलला नाही. इतका वेळ तर तो झोपेतही गप्प राहिला नसेल.

…अंगणात बर्फ करकरला. अनवाणी पावलं. त्यांच्या मागोमाग घुंगरू.

दोन्ही आवाज पायरीवर थांबले. दार वाजलं, एकदाच.

वेंडेलचे ओठ हलले. त्यानं ते दातांखाली घट्ट धरले. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. त्यानं आजोबांकडं पाहिलं.

आजोबांनी भांड्यावरचं झाकण काढलं.

"दोन ताटं वाढ. जो जेवेल, तो आपला."