खिडकीजवळची खाट

"आणि अनसूयेच्या वॉर्डातल्या बायका घरी गेल्या की परत येत नाहीत. माझ्या मात्र थोड्याच दिवसांत पुन्हा दारात हजर. हे कसं काय, बाई?"

शालन गव्हाणेनं हा प्रश्न चपला काढता काढताच विचारला. तब्येत कशी आहे, हे विचारायचं राहूनच गेलं.

लोंढेबाई पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी बोटानं खुर्ची दाखवली.

बाई नर्सिंगच्या शाळेत शिकवायच्या. अर्ध्या जिल्ह्यातल्या सिस्टर त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या. विडीला त्यांनी कधी हात लावला नाही, पण लहानपणापासून चूल फुंकली, आणि तो धूर म्हातारपणी वसुली करायला लागला. आता थंडी पडली की त्यांना दम लागे. दोन शब्द बोलायचं, थांबायचं, श्वास जमवायचा, मग पुढचे दोन.

डॉक्टरांनी उद्या दाखल व्हायला सांगितलं होतं. छातीच्या आजाराचे बायकांचे वॉर्ड दोन. पाच नंबर शालनचा आणि सहा नंबर अनसूया तिरपुडेचा. दोघी बाईंच्याच शिष्या, एकाच वर्गातल्या. कुठं जायचं ते बाईंनी ठरवावं, असं डॉक्टर म्हणाले होते.

शालन त्यासाठीच आली होती. बाईंनी पाचमध्येच आलं पाहिजे. बाई सहामध्ये गेल्या तर सगळ्या हॉस्पिटलात काय बोललं जाईल, ते तिला आत्ताच ऐकू येत होतं.

"शालन..." बाई म्हणाल्या, "खिडकीजवळची खाट... मला..."

"तुमच्यासाठीच ठेवलीय. सकाळी स्वतः पुसून घेतली."

बाईंनी मान हलवली. शालनला तो होकार वाटला.

मग तिनं मन मोकळं केलं. अनसूया वर्गात सगळ्यांत ढिली होती. चादर घालायला तिला अर्धा तास लागायचा. इंजेक्शन द्यायला गेली की पेशंटशी गप्पाच मारत बसायची. शालनचा मात्र कामात कोणी हात धरत नसे. म्हणून तर शेवटच्या वर्षी बाईंनी आपल्या हातानं शालनच्या गणवेशावर बक्षिसाचं, पिनचं घड्याळ लावलं होतं. ते आजही तिच्या छातीवर होतं. बोलता बोलता ती ते दोनदा पाहून घेत होती.

आणि आता सगळीकडे नाव कुणाचं, तर अनसूयेचं.

"मागच्या वर्षी ऑफिसनं मला एक जादा सिस्टर दिली होती," शालन म्हणाली. "मी परत पाठवली. म्हटलं, आहे त्या पोरींत मी वॉर्ड चालवून दाखवते. साहेबांनी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली."

"मग ती... मुलगी..."

"अनसूयेकडे गेली ना. हिनं लगेच हात पसरून घेतली. आता तिच्याकडे माणसं इतकी, की एक सिस्टर तर नुसती पेशंटच्या खाटेवर बसलेली असते. बसलेली, बाई. ड्युटीवर."

शालनचा आवाज चिरकला. जळफळाट असा असतो, की माणूस तक्रार सांगायला बसतो आणि दुसऱ्याचं कौतुकच सांगून जातो.

बाई हसल्या. हसण्यानं खोकला आला. शालन ताडकन उठली, पाणी ओतलं, पेला बाईंच्या ओठांना लावला. बाईंनी पेला हातानं बाजूला केला. त्यांना पाणी नको होतं, पुढं वाकून बसायचं होतं. त्या आपल्या आपण वाकल्या.

"खिडकीजवळची..." त्यांनी पुन्हा सुरुवात केली, "खाट मला..."

"हो, कळलं. मोकळी हवा लागते तुम्हाला. मी जास्त दम लागलेल्या बाईला तीच खाट देते. कोंडाबाईलासुद्धा तीच दिली होती."

कोंडाबाईचं नाव निघालं आणि शालनला राहवेना. खरी ठसठस तिथंच होती.

ही कोंडाबाई पाच नंबरची जुनी पेशंट. बरी होऊन जायची, पुन्हा धापा टाकत यायची. एकदा पाचमध्ये खाट रिकामी नव्हती म्हणून सहामध्ये गेली. तेव्हापासून आली नाही. पूर्ण हिवाळा गेला, आली नाही. वर गावभर अनसूया सिस्टरचे गोडवे गात फिरत होती.

"काय... केलं... अनसूयेनं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही हो. म्हातारीची बोटं वाकडी, तिला श्वासाच्या औषधाचा पंप दाबताच येत नव्हता. अनसूयेनं सुनेला बोलावून घेतलं, पंपाला नळी जोडून दाबायचं कसं ते सुनेला शिकवलं. एवढंच. हे मला नसतं आलं? पण ती मला कधी बोललीच नाही."

"बोलली नाही... की..."

"नाहीच बोलली."

 बाईंची छाती वरखाली होत राहिली.

शालननं घड्याळ पाहिलं. अजून औषधं वाटायची होती, ड्युटी बदलायची वेळ झाली होती. ती म्हणाली, "मग उद्या गाडी पाठवते. पाच नंबर. ठरलं ना?"

बाईंनी तिला बोटानं जवळ बोलावलं. शालन वाकली. तिला वाटलं, बाई डोक्यावर हात ठेवणार.

बाईंनी तिच्या गणवेशावरचं घड्याळ काढलं. पिन उघडायला त्यांना वेळ लागला. मग ते घड्याळ त्यांनी आपल्या उशीखाली सारलं आणि समोरच्या खुर्चीकडे पाहिलं.

शालन बसली.

बाईंनी डोळे मिटले. ओठांचा चंबू करून त्यांनी आतला श्वास हळूहळू बाहेर सोडला. अशा पेशंटला असा श्वास सोडायला शिकवायचं, हे शालनला त्यांनीच शिकवलं होतं. वॉर्डात ती ते एका दमात सांगून पुढच्या खाटेकडे जायची.

"खिडकीजवळची... खाट..."

शालनचे ओठ हलले. बाईंनी एक बोट वर केलं. ती थांबली.

"...मला..."

बाहेर कुणीतरी बादली ओढत नेली. शालनचा हात छातीकडे गेला. तिथं नुसती पिनची भोकं होती.

"...नको."

बाईंनी पुन्हा श्वास जमवला.

"खाली... चहाची टपरी आहे... त्याच्या शेगडीचा... कोळशाचा धूर... थेट वर येतो."

"पण बाई, गेल्या थंडीत तुम्ही त्याच खाटेवर होता."

"हो..." बाई म्हणाल्या. थोडा श्वास घेतला. "तेव्हाही... सांगत होते."



शालनला एकामागून एक आठवायला लागलं. बाई त्या खाटेवरून हात वर करायच्या. शालन जाता जाता पांघरूण नीट करायची आणि म्हणायची, थंडी वाजतेय ना, आलेच. कोंडाबाई पंप हातात धरून म्हणायची, सिस्टर, ह्यो पंप मला... आणि ही म्हणायची, कंटाळा करायचा नाही आजी, घ्यायचाच. मग पुढची खाट. पुढच्या खाटेवरही कुणीतरी अर्धंच बोललेलं असायचं. ती वाईट वागली नव्हती. तिच्याजवळ कुणाचं बोलणं पुरं होईपर्यंत उभं राहायला माणूसच नव्हता, आणि तो माणूस तिनं आपल्या हातानं परत पाठवला होता.

तिला रडू आलं. तिनं ते आवरलं नाही.

"तुम्ही सहामध्येच जा, बाई," ती म्हणाली. हे शब्द तोंडातून काढताना तिला खरोखर दुखलं. "मी स्वतः अनसूयेला सांगते. तिथं तुमचं नीट होईल."

बाईंनी मान हलवली. या वेळी शालननं ती नीट पाहिली. तो नकार होता.

"पाच..." बाई म्हणाल्या.

आणि लाज अजून डोळ्यांत ओली असतानाच शालनच्या मनात काहीतरी टुणकन उडालं. बाई माझ्याकडे येणार. तिच्याकडे नाही, माझ्याकडे. मत्सराला काय, तेवढं पुरतं.

"माझ्याकडे? का, बाई?"

विचारून ती थांबली. काहीतरी चांगलं ऐकायला मिळेल, अशी आशा तिच्या चेहऱ्यावर उघड दिसत होती. पण या वेळी ती उठली नाही, मधे बोलली नाही, बाईंचं वाक्य तिनं तोडलं नाही.

बाईंनी पुढं वाकून दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले. एक श्वास सोडला. मग दुसरा. शालन बसून राहिली.

"तुझ्याकडे..." लोंढेबाई म्हणाल्या, "एक माणूस... कमी आहे. मी... बसेन त्या बायकांजवळ."