तळातून आलेली ओ

एका राज्यात राजापाशी सात शिडांचे गलबत होते, आणि त्या एका गलबतात दोन जगे होती. वर दिवे आणि मेजवान्या. खाली, लाकडी झडपेखाली, काळोखात वल्ही मारणारे खलाशी. त्यांच्या पायांशी राजाने मांत्रिकाकडून लुटलेले सोने ठेवले होते. मांत्रिकाचा शाप असा, की त्या सोन्यापाशी काळोखात बसेल तो आपले नाव विसरेल, आणि ज्याला नाव नाही त्याला झडप ओलांडता येणार नाही. राजाला हे ठाऊक होते. वल्ही चालत होती. त्याला तेवढे पुरे होते.

धाकू खलाशी त्या तळात उतरला, तो परतला नाही. त्याची बायको भागू धक्क्यावर रडत बसली, तेव्हा पाणकावळा बोलला:

"बाई, तळात जा. तुला तीन हाका मिळतील. फुकट गेलेल्या दर हाकेला पाणी चढेल. एकाने जरी आपल्या नावाला ओ दिली, तर सोन्याचे मीठ होईल आणि सगळ्यांचा शाप सुटेल."

भागू पाण्याचा हंडा घेऊन गलबतावर चढली आणि झडपेतून खाली उतरली. अंधारात सगळ्या पाठी सारख्या.

"अहो!" तिने हाक मारली.

सगळी डोकी वळली.

"बाई, इथं सगळेच अहो," एक म्हातारा हसला. पाणी गुडघ्यांना लागले.

नवऱ्याचे नाव घेतले की त्याचे आयुष्य घटते, असे भागूला आईने शिकवले होते.

"आमच्या गोप्याचे बाबा!"

"आम्हीही कुणाचे बाबा असू," अंधारातून कोणी म्हणाले. "कुणाचे, ते आठवत नाही."

पाणी छातीला आले. सर्वांत खालच्या बाकावर एकच जण होता. तो सारखा वर पळू बघे, म्हणून त्याच्याच पायांत साखळी होती. पाणी त्याच्या डोक्यावरून गेले.

"अगं, नाव घे!" म्हातारा ओरडला. "नावानं नाही, पाण्यानं मरेल तो!"

भागूने डोळे मिटले.

"धाकू!"

पाण्याच्या आतून ओ आली. एक हात वर आला. भागूने तो धरला, तेव्हा तो थंड होत होता.

सोन्याचे मीठ झाले. राजाचा मुकुटही त्याच सोन्याचा. तो विरघळून त्याच्या डोळ्यांत उतरला. खलाशी आपापली नावे ओरडत झडपेबाहेर आले. त्यांनी म्हाताऱ्याच्या हाती सुकाणू दिले, आणि त्याने नियम केला: तळात उतरलेल्या माणसाला दिवस मावळण्याआधी नावाने वर बोलवायचे.

त्या बंदरात आता बायका धक्क्यावर उभ्या राहून मोकळ्या आवाजात नवऱ्यांची नावे घेतात. एकेकीला ओ मिळते. भागूही हाक मारते. मग थोडा वेळ थांबते, आणि घरी जाते.