एक ताट, तीन वाट्या

एका राज्यात, जिथे विहिरी तळातून हाका मारीत आणि डोंगर पौर्णिमेला कूस बदलीत, तिथे हिरावती नावाची राणी राज्य करी. राजा वारला होता आणि तीन राजपुत्रांना नुकते मिसरूड फुटत होते. त्या घराण्याची एक रीत होती. राजाच्या मुलांनी एकाच ताटात जेवायचे. एका ताटात जेवणारे एकमेकांवर तलवार उपसत नाहीत, असे पूर्वज सांगून गेले होते. पूर्वजांना सांगायला काय जाते? थोरला रुद्रकेतू मोठे मोठे घास घेई, मधला सोमकेतू कोपर टाकून ताटाची कड अडवी आणि धाकट्या पुष्पकेतूच्या वाट्याला लोणचे उरे. राणी हे सारे कौतुकाने पाहत राही.

एकदा तिघे शिकारीला गेले आणि भृंगनाथ मांत्रिकाच्या बागेत एका पेरूवरून हातघाईवर आले. भृंगनाथाची वामकुक्षी मोडली. त्याने मूठभर माती घेऊन फुंकली. रुद्रकेतूचा झाला पांढराशुभ्र, तुरेवाला काकाकुवा. सोमकेतूचा झाला गुलाबी कंठाचा राघू. पुष्पकेतूचा झाला जांभळ्या डोक्याचा इवलासा तुईया पोपट. तिघे उडत राजवाड्यावर आले आणि राघूने मांत्रिकाच्याच आवाजात शाप जसाच्या तसा म्हणून दाखवला.

“आपण होऊन एक फळ वाटून खाल, त्या दिवशी माणसे व्हाल. तिसऱ्यांदा एकमेकांचे रक्त सांडाल, तर मरेपर्यंत पोपटच राहाल.”

राणी रडली, पण लगेच पदर खोचून उठली. तिने सोन्याचा एक भलामोठा पिंजरा करवला आणि आत एक ताट ठेवले. भाऊच ते, एकत्र ठेवले की एकत्र खातील, असे तिला वाटले. दरबारानेही माना डोलावल्या. दरबाराला दुसरे येते काय?

पहिल्याच दिवशी काकाकुव्याने तुईयाच्या पायाचे एक बोट नखासकट तोडले. “रुळतील हळूहळू,” प्रधान म्हणाले. दुसऱ्या दिवशी ताटातल्या डाळिंबावरून राघूचा पंख रक्ताळला. राणीने स्वतःच्या हातांनी तिघांना ओढून वेगळे केले. आता एकच थेंब उरला होता. तो सांडला की तिची मुले कायमची गेली.

वेशीबाहेरच्या चिंचेवर सात राजे पाहिलेली एक साळुंकी राहत असे. राणी अनवाणी तिच्याकडे गेली.

“पिंजरे किती?” साळुंकीने विचारले.

“एक.”

“ताटे किती?”

“एकच. आमची रीतच आहे तशी.”

“मग नवल कसले करतेस, राणी? मोठी चोच खेळता खेळताही लहान पाय तोडते. तीन कामे सांगते. पहिले, तीन पिंजरे कर. एकमेकांना दिसावेत, पण चोच पोहोचू नये. दुसरे, तिघांना ज्याचे त्याचे अन्न एकाच क्षणी वाढ. तिसरे, ते निवले की कोणाचीच नाही अशा जागी त्यांना सोड आणि स्वस्थ बस. काकाकुव्याचा तुरा रागाने उभा राहिला तरच ऊठ.”

काकाकुव्याची चोच कुठलेही लाकूड फोडी आणि सोने वाकवी. म्हणून राणी डोंगरापलीकडच्या एका म्हाताऱ्या राक्षसाकडे गेली आणि त्याची लोखंडी कढई मागून आणली. त्याला अलीकडे माणसे पचत नव्हती, त्याने ती खुशीने दिली. त्या लोखंडाचे तीन पिंजरे झाले.

दुसरे काम त्याहून अवघड. राणीला हात दोन आणि वाट्या तीन. ज्याची वाटी मागाहून येई, तो दांडीवर चोच आपटून थैमान घाली. शेवटी वाड्यातल्या विहिरीने तिला आपला एक ओला हात उसना दिला. काकाकुव्याला बदाम, राघूला मिरची, तुईयाला राळे, तिन्ही वाट्या एकदम टेकू लागल्या. दिवस गेले, महिने गेले. आपली वाटी कोणी पळवत नाही हे कळल्यावर तिघांनी शेजाऱ्याच्या वाटीकडे पाहायचे सोडले. पुढे पुढे तर झोपताना तिघे एकमेकांच्या बाजूच्या दांडीवर सरकून बसू लागले.

पौर्णिमेला डोंगराने कूस बदलली. सकाळी, ज्या कुशीवर कोणीच कधी बसले नव्हते तिथे राणीने तिन्ही दारे उघडली. एक पेरू ठेवला, मांडीवर शाल घेतली आणि ती बसली.

काकाकुवा पेरूजवळ उतरला. तुईया तिथे आधीच होता, तुटक्या बोटाने तोल सावरीत. काकाकुवा त्याच्याकडे एक पाऊल सरकला, मग आणखी एक. शाल टाकावी, धावावे, लहानग्याला उचलावे, असे राणीच्या हाताला फार वाटले. तिने तुऱ्याकडे पाहिले. तुरा डोक्यावर शांत निजला होता. ती उठली नाही. आयुष्यात इतके कठीण काम तिने केले नव्हते.

काकाकुव्याने पेरू फोडला. एक तुकडा तुईयाच्या पायाशी टाकला. राघू फांदीवरून पाहत होता, तोही उतरला. त्याच्यापुढेही एक तुकडा आला. तिघे खाऊ लागले.

दुसऱ्या क्षणी गवतात तीन तरुण बसले होते, हनुवटीला पेरूच्या बिया लागलेले. राणीचा जीव भांड्यात पडला. ती हसली, रडली आणि मग कितीतरी वेळ नुसती त्यांच्याकडे पाहत राहिली.

त्या दिवशी आचाऱ्याने सवयीने एकच ताट आणले.

“हे माळ्यावर ठेवा,” राणी म्हणाली. “तीन आणा.”

पुढे रुद्रकेतू गादीवर बसला. धाकट्यांना दोन गड मिळाले, दिव्यांना दिवे दिसतील इतके जवळ, खटका उडणार नाही इतके लांब. पण ते पुढचे. त्या दिवशी तिघे जेवायला बसले, तेव्हा रुद्रकेतूची नजर पुष्पकेतूच्या पायावर गेली. एक बोट तिथे नव्हते. कोणी सांगितले नव्हते, रीतही नव्हती, तरी त्याने आपल्या ताटातला लाडू उचलला आणि धाकट्याच्या ताटात ठेवला.

त्यांना त्यांची वाटी मिळाली, तशी तुम्हा आम्हाला आपापली मिळो.