वावडीच्या गळ्यातली साखळी

एका राज्यात वज्रबाहू नावाचा राजा होता. राजा शूर होता, दानी होता, पण आवाजाचा फार मोठा होता. त्याने हाक मारली की हत्ती गुडघे टेकत, घोडे थरथरत, आणि दिवाणजी तर भरल्या ताटावरून उठून धावत येत. त्याने हाक मारली आणि कोणी आले नाही, असे त्याच्या जन्मात एकदाच घडले. त्या एका वेळेचीच ही गोष्ट.

राज्याच्या पश्चिमेला बारा कोसांचा माळ होता. त्या माळावर मेंढपाळांची वस्ती होती आणि वस्तीत धुरपदा नावाची बाई कारवानी कुत्री सांभाळी. कारवानी म्हणजे लांब पाय, खोल छाती, मुठीत मावेलशी कंबर आणि कोसावरचा ससा टिपणारी नजर. इतर कुत्री नाकाने जग जाणतात, ही डोळ्यांनी जाणतात. वस्तीचा एक रिवाज होता. कारवानीचे पिलू विकायचे नाही, द्यायचे. आणि देताना घेणाऱ्याच्या कानात तीन गोष्टी सांगायच्या. गोष्टी ऐकल्याखेरीज पिलू हातात घ्यायचे नाही.

राजाला पिलू हवे झाले. ते आणायला राजा गेला नाही, दिवाणजी गेले. धुरपदेने दिवाणजींच्या कानात तीन गोष्टी सांगितल्या. दिवाणजी मनात म्हणाले, 'मेंढ्या राखणारी बाई आमच्या महाराजांना शहाणपण शिकवणार!' त्यांनी पिलू तेवढे पोचवले आणि गोष्टी वाटेतच सांडल्या. शहाण्या माणसाच्या हातून असेच होते, मोती टाकून शिंपला घरी येतो.

पिलू मोठे झाले. तिचे नाव ठेवले वावडी. ती धावू लागली म्हणजे दोर तुटलेल्या वावडीसारखी, पतंगासारखी दिसे. एक दिवस परराज्यातले पाहुणे आले आणि राजा त्यांना घेऊन शिकारीला गेला. वावडीने दूर ससा पाहिला आणि ती सुटली. राजाने हाक मारली. वावडी थांबली नाही. दुसरी हाक मारली, तिसरी मारली. पाहुणे मिशीत हसले. राजाने रागाने घोडा वळवला आणि तो राजवाड्यात परतला. वावडी सांजेला एकटीच दारात आली. तिचे पाय काट्यांनी फाटले होते.

"हाक न ऐकणारे कुत्रे मोकळे राहणार नाही," राजा गरजला. "खजिन्यातली सोन्याची साखळी आणा."

ती साखळी अंधकेश नावाच्या मांत्रिकाची होती. राजाच्या आजोबांनी त्याला जिंकून त्याचे धन आणले, तेव्हा त्याचा शापही धनाबरोबर आला होता. साखळी वावडीच्या गळ्यात पडली, कडी आपोआप मिटली, आणि त्याच क्षणी राज्यातल्या सगळ्यांची दूरची नजर गेली. हातभर अंतरावरचे दिसे, त्यापलीकडे दुधासारखे पांढरे. माणसांचे तसे, तसेच गुरांचे आणि पाखरांचे.

आणि त्याच दिवशी राणी चित्रांगी माहेराहून माळ ओलांडून यायला निघाली होती.

पालखी माळावरच हरवली. कमरेला दोर बांधून माणसे शोधायला जात, दोर संपला की हात हलवत परत येत. पालखीबरोबर बारा दिवसांची शिदोरी होती. राजा एकेक दिवस बोटांवर मोजी. लोहारांच्या छिन्न्या बोथट झाल्या, पण साखळी तुटली नाही. वावडी संगमरवरी चौकात बांधलेली होती. चांदीच्या ताटातल्या मांसाला तिने तोंड लावले नाही. नुसती पश्चिमेकडे पाहत राही.

नवव्या दिवशी एक टिटवी कुंपणावर आपटून चौकात पडली. उठली, पंख झटकले आणि बोलू लागली.

"राजा, डोळे फाडून शोधतोस काय? राज्याची नजर या कुत्रीच्या डोळ्यांत कोंडली आहे. ही मेली तर नजरही मेली."

"उपाय सांग," राजा म्हणाला.

"कडी जोराने उघडत नाही. ही आपल्या मनाने तुझ्या तळहातावर हनुवटी टेकील, तेव्हाच उघडेल. कशी टेकील, ते हिला वाढवणारीला विचार. माझे घरटे तिच्या मेंढवाड्यापाशी आहे. तेवढी वाट मी डोळे मिटून उडते."

टिटवी गेली आणि धुरपदेला घेऊन आली. टिटवी पुढे ओरडे, धुरपदा आवाजामागून काठी टेकत चाले. चौकात येताच तिने वावडीचे पाय चाचपले. कोपरांवर जखमा होत्या. बाईच्या डोळ्यांत पाणी आले.

"म्हाराज, तीन गोष्टी सांगितल्या हुत्या न्हवं?"

"मला कोणी काही सांगितले नाही."

धुरपदेने दिवाणजींकडे तोंड केले. दिवाणजी खांबाआड सरकले. हातभर पलीकडचे कोणाला दिसत नव्हते, म्हणून वाचले.

"मग आता तुमीच ऐका. पयली गोष्ट. हिच्यावर वरडायचं न्हाई. काठीनं जेवढं लागत न्हाई, तेवढं हिला आवाजानं लागतं."

दहावा दिवस राजाने मौनात काढला. वावडीपासून चार पावलांवर तो पाठ करून बसला, कारण धुरपदा म्हणाली, परक्याने डोळ्याला डोळा लावलेला तिला खपत नाही. राजाला बोलायचे फार होते. ओठ चावून बसला. तिन्हीसांजेला त्याच्या पाठीला गार नाक लागले आणि निघून गेले. शूर राजा, पण त्या नाकाने त्याच्या अंगावर काटा आला.

"दुसरी गोष्ट," धुरपदा म्हणाली. "हिच्या अंगावर चरबी न्हाई, नुसतं हाड आन् वर पातळ कातडं. फरशीवर कशी निजंल? आन् चांदीचं ताट काय करायचंय तिला? माळावरचं खाणं द्या."

अकराव्या दिवशी राजाने आपला भरजरी शेला काढला, त्याच्या आत गवत भरले आणि स्वतःच्या हाताने टाके घातले. टाके वाकडे पडले. मग चुलीपुढे बसून त्याने बाजरीची भाकरी थापली. पहिली फाटली, दुसरी करपली, तिसरी जमली. ती त्याने ताकात कुस्करली. वावडीने वास घेतला, राजाकडे एकदा पाहिले आणि भांडे चाटून पुसून टाकले. मग शेल्यावर तीन गिरक्या घेऊन ती बसली, आणि राजा शेजारी हात उताणा टेकून बसला होता, त्याच्या तळहातावर तिने हनुवटी ठेवली.

कडी खळकन उघडली. साखळी जमिनीवर पडली आणि तिची राख झाली.

पण पांढरे ते पांढरेच राहिले. राजाने चहूकडे पाहिले, कुठेच काही दिसेना.

"तिसरी गोष्ट हाये अजून," धुरपदा हळूच म्हणाली. "नजरंला कायी पडलं की हिचे कान मिटत्यात. त्या दिशी तिनं हाक मोडली न्हवती, तिला ऐकूच गेली न्हाई. हिला मोकळ्यावर सोडायचं, उपाशी पोटी. आन् सोडलं तिथंच उभं ऱ्हायचं. ती सुटल्या जागंवर परत येती, म्हाराज. तुमी तिथं असला पायजे."

राजाने वावडीच्या पायांवरून हात फिरवला. त्या शिकारीच्या दिवशी वावडी परत आली असेल. रिकाम्या जागेभोवती फिरली असेल. घोड्याच्या मागावर तिचे पाय फाटले असतील. "मीच निघून गेलो होतो," तो म्हणाला, आणि ढसाढसा रडला.

बारावा दिवस उजाडला. राजा वेशीबाहेर वावडीला घेऊन उभा राहिला.

"ती गेली आणि आलीच नाही तर?" त्याने विचारले. "राणी गेली, राज्याची नजरही गेली."

"व्हय," धुरपदा म्हणाली. "त्ये तुमालाच सोसायचंय."

राजाने हात काढून घेतला. वावडीने मान उंचावली. पश्चिमेला तिला काहीतरी दिसले, कान मागे गेले आणि ती सुटली. राजाच्या घशात हाक आली. त्याने ती गिळली आणि पाय रोवून उभा राहिला.

आणि मग लोकांनी पाहिले, वावडी जिथून गेली तिथले दिसू लागले. आधी वेशीपुढची बाभूळ दिसली, मग ओढा, मग पांगलेली मेंढरे, मग टेकडी. ती जितकी धावली तितका माळ उघडत गेला. आणि टोकाला, अगदी टोकाला, लाल झालरीची पालखी दिसली. दमलेले भोई डोळ्यांवर हात धरून राजवाड्याचे शिखर एकमेकांना दाखवत होते.

राजा जागचा हलला नाही. ऊन डोक्यावर आले, मग कलले, तरी हलला नाही. पालखी जवळ आली, आणि पालखीच्या पुढे, जीभ बाहेर काढून, कोणी न बोलावता वावडी आली. सुटली होती त्या जागेवर येऊन तिने राजाच्या गुडघ्यावर डोके घासले. राणी पालखीतून उतरली आणि तिने पहिला हात वावडीच्याच पाठीवरून फिरवला.

दिवाणजींना शिक्षा मोठी झाली. वस्तीत जाऊन वर्षभर पिलांसाठी भाकरी थापायच्या आणि पिलू न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला तीन गोष्टी तोंडपाठ सांगायच्या.

राज्याचा कारभार पुन्हा सुरळीत झाला. फक्त दरबार भरला की एका गोष्टीचे परक्यांना नवल वाटे. सिंहासनाच्या मऊ गादीवर वावडी चारी पाय पसरून निजलेली असे, आणि राजा खालच्या पायरीवर बसून हलक्या आवाजात न्याय करी. त्या राज्याला दिसू लागले, तसे तुम्हा आम्हालाही दिसो.