चिचूच्या दाराचा पडदा

हौसाकाकूंच्या परसात एक फुटका माठ होता. आडवा पडलेला. लाल लाल.
त्या माठात कोण राहायचं? चिचू राहायची.
चिचू म्हणजे इवलीशी चिचुंद्री. लांब नाक, बारीक डोळे. चालायची लुटूलुटू, लुटूलुटू.
तिची तीन पिल्लं होती. गुलाबी, करंगळीएवढी.
माठाच्या तोंडाला केळीचं वाळकं पान होतं. तोच त्यांचा पडदा.

एके दुपारी वारा आला. सूं सूं सूं.
पान हललं. फडफड, फडफड.
पान सुटलं. भुर्रर्र.
गेलं कुंपणापलीकडे.
आता दार उघडं. सताड उघडं.

चिचूने वर पाहिलं. भिंतीवर बोका झोपला होता. घुर्र घुर्र, घुर्र घुर्र.
बोका रोज दुपारी झोपायचा. ऊन भिंतीवरून उतरलं की उठायचा. उठला की त्याला भूक लागायची.
चिचूच्या छातीत धडधड, धडधड.
"पिल्लांनो, हलू नका. बोलू नका," ती हळूच म्हणाली.
"आई, उजेड येतो," धाकटं पिल्लू म्हणालं.
"हो रे बाळा. काहीतरी लावते."

पण लावायचं काय?
चिचू हौसाकाकूंच्या खिडकीत चढली. हौसाकाकूंना घर सजवायची भारी हौस. जुनं काही टाकायच्याच नाहीत.
चिचूने पाहिलं. जुन्या बांगड्यांचं तोरण. किणकिण, किणकिण.
"छान आहे. पण वाजतं. बोका उठेल."
चिचूने पाहिलं. शिंपल्यांची माळ. लखलख, लखलख.
"छान आहे. पण आरपार दिसतं. बोका बघेल."
चिचूने पाहिलं. चिंध्यांचा पडदा. लाल चिंधी, निळी चिंधी, फुलांची चिंधी. काकूंनी स्वतः जोडलेला. वाजत नाही. आरपार दिसत नाही.
"हे मला जमेल," चिचू म्हणाली. "माझं दार छोटं. मला एकच चिंधी पुरे."
काकू घरात नव्हत्या. न विचारता कसं घ्यायचं?
चिचू खाली उतरली.

चिचू निघाली. लुटूलुटू, लुटूलुटू.
गेली शिंप्याकडे.
"शिंपीदादा, शिंपीदादा, एक चिंधी द्या.
दार माझं मिटेना,
बोका जागा होईल ना."
शिंपीदादांनी चष्मा वर केला. खाली पाहिलं.
"देईन की. पण माझं मशीन बघ. कुईं कुईं करतं. पुढे जात नाही. आधी तेल आण."

चिचू निघाली. लुटूलुटू, लुटूलुटू.
गेली तेलिणीकडे.
"तेलीणकाकू, तेलीणकाकू, थोडं तेल द्या.
शिंपी चिंधी देईना,
दार माझं मिटेना,
बोका जागा होईल ना."
तेलीणकाकू म्हणाल्या, "देईन गं. पण तेल नेणार कशात? शेपटीवर? आधी पणती आण."

चिचूने मागे वळून पाहिलं. ऊन भिंतीवरून थोडं सरकलं होतं.

चिचू निघाली. लुटूलुटू, लुटूलुटू.
गेली कुंभाराकडे.
"कुंभारकाका, कुंभारकाका, एक पणती द्या.
तेलीण तेल देईना,
शिंपी चिंधी देईना,
दार माझं मिटेना,
बोका जागा होईल ना."
कुंभारकाका डोकं धरून बसले होते.
"देईन बाई. पण माती वाळली. चाक थांबलं. आधी पाणी आण."

चिचू निघाली. लुटूलुटू, लुटूलुटू.
गेली विहिरीकडे.
"विहीरबाई, विहीरबाई, थोडं पाणी दे.
कुंभार पणती देईना,
तेलीण तेल देईना,
शिंपी चिंधी देईना,
दार माझं मिटेना,
बोका जागा होईल ना."
विहीर बोलली. आवाज घुमला. डुबुक डुबुक.
"देईन, देईन. पण माझा दोर तुटला. बादली वर येत नाही. आधी दोर आण."

चिचूने मागे वळून पाहिलं. ऊन भिंतीच्या अर्ध्यावर आलं होतं.
बोक्याचा कान हलला. एकदाच.
चिचूच्या छातीत धडधड, धडधड.

चिचू निघाली. लुटूलुटू, लुटूलुटू.
गेली माडाकडे. माड म्हणजे नारळाचं झाड. उंच उंच.
"माडदादा, माडदादा, दोराला काथ्या दे.
विहीर पाणी देईना,
कुंभार पणती देईना,
तेलीण तेल देईना,
शिंपी चिंधी देईना,
दार माझं मिटेना,
बोका जागा होईल ना."
माड डोललाच नाही.
"देईन गं. पण कसा हलू? माझ्या डोक्यावर कावळा बसलाय. सारखा टोचतो. टक टक, टक टक. आधी त्याला उठव."

चिचूने वर पाहिलं. किती उंच.
पण पिल्लं माठात होती. दार उघडं होतं.
चिचू चढली. सरसर, सरसर. मध्येच पाय घसरला. चिचू लटकली. पुन्हा चढली. सरसर, सरसर.
"कावळेभाऊ, कावळेभाऊ, जरा उठतोस का?
माड काथ्या देईना,
विहीर पाणी देईना,
कुंभार पणती देईना,
तेलीण तेल देईना,
शिंपी चिंधी देईना,
दार माझं मिटेना,
बोका जागा होईल ना."
कावळा म्हणाला, "उठून जाऊ कुठे? माझं घरटं आहे आंब्यावर. नुसत्या काड्याच काड्या. फार बोचतात. मऊ काही दे, मग उठतो."

आता मऊ काय द्यायचं?
चिचूने इकडे पाहिलं. झावळी. खरखरीत.
चिचूने तिकडे पाहिलं. नारळ. टणक.
चिचूने दूर पाहिलं. भिंतीवर ऊन आता पट्टीएवढंच उरलं होतं. बोक्याने शेपूट हलवली.
चिचूच्या डोळ्यांत पाणी आलं.
तिने पोटावर पाय ठेवला. पोटावर मऊ मऊ लव होती.
चिचूने डोळे मिटले. दातांत लव धरली. ओढली.
दुखलं. पुन्हा ओढली. फार दुखलं.
तरी ओढली.
"घे, कावळेभाऊ."
कावळ्याने लव चोचीत धरली. गालाला लावली.
मग कावळा उठला. फडफड, फडफड. गेला आंब्यावर.

कावळा उठला, माड डोलला. माडाने काथ्या दिला.
चिचूने काथ्या वळला. दातांनी धरला, पायांनी वळला. दोर झाला.
विहिरीने दोर घेतला. बादली सोडली. डुबुक. विहिरीने पाणी दिलं.
कुंभाराने पाणी घेतलं. माती भिजवली. चाक फिरलं. गरगर, गरगर. कुंभाराने पणती दिली.
"ओली आहे हं. सांभाळून ने."
चिचूने पणती डोक्यावर घेतली. धावायचं होतं. पण धावता येईना. एक पाय, मग दुसरा पाय.
तेलिणीने पणती घेतली. तेल ओतलं. टिप टिप, टिप टिप. तेलिणीने तेल दिलं.
शिंप्याने तेल घेतलं. मशीनला घातलं. कुईं कुईं थांबलं. खटखट, खटखट सुरू झालं.
शिंपीदादांनी टोपली पुढे केली. "घे, कोणती हवी ती."
पिवळी चिंधी. पांढरी चिंधी. चकचकीत चिंधी.
"चकचकीत नको. बोक्याला दिसेल," चिचू म्हणाली. "ती मातकट लाल द्या. माझ्या माठासारखी."
शिंपीदादांनी चिंधीची वरची कड दुमडली. खटखट, खटखट. दोन टाके मारले.
"ह्यात काडी घाल. पडदा नीट बसेल. वाऱ्याने उडणार नाही."

चिचू पळाली. लुटूलुटू नाही. भरभर भरभर, भरभर भरभर.
ऊन भिंतीवरून उतरलं.
बोका उठला. त्याने पाठ ताणली. जांभई दिली. आ आ आ.
चिचू माठाशी आली. कडेत काडी घातली. काडी माठाच्या तोंडात अडकवली.
एक बाजू बसली. दुसरी बसेना.
बोका भिंतीवरून उतरला. धप्.
चिचूने काडी दाबली. पुन्हा दाबली.
कट्. बसली.
चिचू आत शिरली. पडदा खाली पडला.

बोका आला. थप थप, थप थप.
माठाजवळ थांबला.
आत कोणी हललं नाही. कोणी बोललं नाही. धाकट्याने आईच्या पोटात नाक खुपसलं.
बोक्याने पाहिलं. लाल माठ. सगळाच लाल. दार कुठे आहे, कळेना.
बोक्याने वास घेतला. फूं फूं. तेलाचा वास. मातीचा वास. त्याला शिंक आली. आक्छू.
बोका वळला. थप थप, थप थप. गेला हौसाकाकूंच्या दाराशी. दूध मागायला.

चिचूने मोठा श्वास सोडला.
"आई," धाकटं पिल्लू म्हणालं, "आता उजेड लाल झाला."
"आवडला?"
"हो. पण तुझं पोट गार का लागतं?"
"जरा लव गेली. येईल परत," चिचू म्हणाली. "तू जवळ ये. मग गार नाही लागणार."
एक पिल्लू जवळ आलं. दुसरं जवळ आलं. तिसरंही आलं.
बाहेर वारा आला. सूं सूं सूं.
पडदा हलला. पण सुटला नाही.
चिचूने डोळे मिटले. पिल्लांनी डोळे मिटले.
आता तूही मीट. पडदा लागलाय.