शेवंतीच्या परीचा आखूड झगा

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि गावाच्या अगदी शेवटाला एक घर होतं. इतकं शेवटाला, की गावात दिवाळी आली तरी त्या घरापर्यंत पोचायला तिला दोन दिवस उशीरच व्हायचा. असं का, ते सांगते. त्या घरातले बाबा होते रंगारी आणि आई होती फराळ करणारी. दिवाळी जवळ आली की बाबा लोकांच्या भिंती गुलाबी, पोपटी, आकाशी करत फिरायचे आणि आई लोकांच्या स्वयंपाकघरात चकल्या-करंज्या तळत बसायची. संध्याकाळी बाबा घरी यायचे ते कपाळापासून अंगठ्यापर्यंत ठिपक्याठिपक्यांचे. आईच्या पदराला तर असा खमंग वास यायचा, की गल्लीतली कुत्री तिला थेट दारापर्यंत सोडायला यायची. त्यांच्या स्वतःच्या भिंती मात्र कळकट, आणि फराळाचा डबा रिकामा.

त्या घरात बकुळा नावाची नऊ वर्षांची मुलगी राहायची. तिच्याकडे एकच फ्रॉक होता, आणि त्याला इतकी रंगीबेरंगी ठिगळं होती की मूळ फ्रॉक कुठला ते आता शोधावं लागायचं. बकुळाला दोन जुळे भाऊ होते, मल्हारी आणि भैरू. दोघंही चार वर्षांचे. बालवाडीला दिवाळीची सुट्टी लागली तेव्हा बालवाडीच्या बाईंनी हुश्श केलं, आणि त्या दिवसापासून दोघं बकुळाच्या गळ्यात पडले.

तिने काय काय केलं नाही त्यांच्यासाठी? न्हाऊमाखू घातलं, भाकरी भरवली, एकमेकांच्या तोंडातून एकमेकांचे कान सोडवले. अंगणात मातीचा किल्लासुद्धा करून दिला. त्यावर अळीव पेरले, ते हिरवेगार उगवले. आई जिथे फराळ करायला जायची तिथल्या ताईंनी मागच्या वर्षीचे सात मातीचे मावळे दिले होते. एकाचं नाक गेलेलं, एकाची तलवार मोडलेली, पण उभे राहायचे मोठ्या ऐटीत. किल्ल्याच्या पोटात एक गुहा होती आणि गुहेत आंब्याएवढा मातीचा वाघ होता.

पहिल्या अंघोळीच्या आदल्या दिवशी सकाळी किल्ल्याचा बुरूज पडला. भैरू त्यावर बसला होता, म्हणून पडला. नवीन बुरजाला माती हवी, म्हणून जुळे घरामागच्या बागेत गेले आणि तिथे त्यांनी शेवंतीच्या वाफ्यात बादलीभर पाणी ओतून मस्तपैकी चिखल केला.

चिखलातून कुणीतरी शिंकलं.

बकुळा धावत आली. पाहते तर काय, बोटाएवढी, नाजूकशी, इवली इवली परी चिखलात रुतून बसलेली. तिचा झगा होता पिवळ्याधमक शेवंतीच्या पाकळ्यांचा आणि पंख चतुराच्या पंखांसारखे; फक्त आता ते मळक्या फडक्यासारखे अंगाला चिकटले होते. तिने पुन्हा शिंक दिली आणि हवेत चिमूटभर सोनेरी चुरा उडाला. जुळ्यांना ते फारच आवडलं. आणखी पाणी आणायला ते लगेच निघाले, पण बकुळाने दोघांच्या चड्ड्या धरून ठेवल्या.

मग तिने परीला अलगद तळहातावर घेतलं. फ्रॉकच्या त्यातल्या त्यात मऊ ठिगळाने तिचे पंख टिपले, त्यांवर हळूहळू फुंकर घातली, उन्हात धरले. खिशात सकाळचा गुळाचा खडा होता, तोही तिला दिला. उन्हात पंख असे काही चमकायला लागले, की त्यांत निळा, जांभळा, मोरपिशी असे सगळे रंग लुकलुकू लागले.

"भारी गुणाची आहेस ग तू," परी म्हणाली. तिने आपल्या झग्याच्या तीन पाकळ्या खुडल्या आणि बकुळाच्या हातावर ठेवल्या. "या तीन पाकळ्या म्हणजे तीन इच्छा. पण नियम नीट ऐक. पाकळी ज्याच्या हातात असेल त्याने 'पाहिजे' म्हटलं की ती गोष्ट मिळणार. स्वतःसाठी मागितलंस, तर ते उद्या सूर्य उगवेपर्यंतच टिकेल. दुसऱ्यासाठी मागितलंस, तर कायमचं. आणि एकदा मागितलेलं बदलून मिळत नाही."

बकुळाने हळूच विचारलं, पाकळी भावांच्या हातात गेली तर?

परीने जुळ्यांकडे पाहिलं. मल्हारी गांडुळाशी बोलत होता आणि भैरू चिखल चाखून बघत होता. "कुठेतरी उंचावर ठेव," असं म्हणून ती घाईघाईने पानाआड गेली.

बकुळाचे बेत ठरले. पहिली पाकळी बाबांसाठी, घराला रंग. दुसरी जुळ्यांना नवे कपडे. तिसरी आईची. पण आईला काय हवं असेल ते काही तिला सुचेना, कारण आईने कधी काही मागितलेलंच तिला आठवेना. बाबांनाही आवडता रंग विचारायला हवा होता. म्हणून तिने दोन पाकळ्या देवघराच्या फळीवर ठेवल्या, आईची पाकळी वेणीच्या रिबिनीत खोचली आणि ती पाणी भरायला नळावर गेली.

आता देवघराची फळी बकुळाच्या दृष्टीने उंच होती. पण मल्हारी भैरूच्या खांद्यावर चढला की ते दोघं मिळून बकुळाहून उंच होत, हे तिच्या लक्षात यायला हवं होतं.

मल्हारीने पाकळी हातात घेतली आणि जरासुद्धा विचार न करता म्हणाला, "आमचा वाघ खरा पाहिजे."

गुहेतून वाघ बाहेर आला. आंब्याएवढाच, पण खरा. पिवळा, पट्टेदार, मिशीवाला. त्याने आळस दिला, उंबरा कसाबसा ओलांडला आणि स्वयंपाकघरात जाऊन डरकाळी फोडली. भैरूची घाबरगुंडी उडाली. त्याने दुसरी पाकळी उचलली आणि रडत रडत म्हणाला, वाघाला धरायला मला मावळे पाहिजेत, खरे पाहिजेत.

सात मावळे किल्ल्यावरून उतरले. उंबऱ्याला त्यांनी दोर लावला, एकामागून एक वर चढले, आणि ओळीत उभे राहिल्यावर बिननाकाच्या नाईकाने भैरूला पहिला प्रश्न विचारला तो जेवणाचा.

बकुळा पाणी घेऊन आली तेव्हा घरात लढाई जुंपली होती. चटईवर भाजणीचा डबा ठेवलेला होता. ही चकलीची भाजणी आईला ताईंनी खास तिच्या स्वतःच्या घरासाठी दिली होती. वीस दिवस लोकांचा फराळ करून झाल्यावर आज संध्याकाळी आई पहिल्यांदा आपल्या मुलांसाठी चकल्या करणार होती. त्या डब्यात वाघ शिरला, मावळ्यांनी डब्याला वेढा घातला, आणि डबा आडवा झाला. सगळी भाजणी चटईच्या विणीत गेली. वाघ पिठात लोळून पांढरा झाला होता आणि अजूनही डरकाळ्या फोडत होता, पण मधूनमधून त्याला शिंका येत होत्या.

बकुळाला रडूच आलं. तिने वेणीतली पाकळी चाचपली. एक शब्द बोलला की भाजणी परत डब्यात. पण मग आईची पाकळी संपली असती. तिने डोळे पुसले, वाघाला मानगुटीला धरून टोपलीखाली ठेवलं आणि मावळ्यांकडे वळली. बिचारे उपाशी होते. वर्षभर माळ्यावरच्या खोक्यात पडून होते, जेवण कुठलं? तिने आपल्या वाटणीची भाकरी काढली, तिचे आठ तुकडे केले, प्रत्येकावर लसणाच्या चटणीचा ठिपका लावला. एक तुकडा टोपलीखालीही सरकवला.

"ताईसाहेब," नाईक तोंड पुसत म्हणाला, "आम्ही खाल्ल्या अन्नाला जागणारे आहोत."

दिवेलागणीला आई आली. तिचे पाय सुजले होते. तिने चटई पाहिली. टोपलीखालून गुरगुर ऐकली. बोटभर उंचीचे सात मावळे तिला मुजरा करत होते, तेही पाहिलं. वीस दिवस तेलाच्या धुरात बसल्यावर माणसाला असं काहीबाही दिसणारच, असं तिला वाटलं असावं. ती रागावली नाही, ओरडली नाही. नुसती भिंतीला टेकून बसली. त्याचंच मुलांना जास्त वाईट वाटलं. जुळे दोन्ही बाजूंनी तिच्या पदरात शिरले आणि आपणच केलं म्हणून कबूल झाले. सुट्टी लागल्यापासून त्यांनी कबूल केलेली ती पहिलीच गोष्ट.

बकुळा आईजवळ बसली. "आई, तुला काय हवंय? काहीही सांग."

आईला आधी प्रश्नच कळला नाही. मग ती हसली. "मला? मला काय हवं असणार?" तिने सुजलेले पाय पुढे पसरले. "पहिल्या अंघोळीला माझी आई मला तेल लावायची. या घरात आल्यापासून मी सगळ्यांना लावते. मला कुणी लावलं नाही. एकदा लावून घ्यावंसं वाटतं, झालं. चल, भांडी घासायची आहेत."

बकुळाचा हात रिबिनीकडे गेला आणि तिथेच थांबला. तेल लावायला दोन हात लागतात, आणि ते तर तिच्याकडे होतेच.

इतक्यात खिडकीबाहेर शिंक ऐकू आली. मग दुसरी, मग तिसरी. बकुळा बागेत गेली. शेवंतीच्या पानाखाली परी गुडघे पोटाशी घेऊन कुडकुडत बसली होती. तीन पाकळ्या गेल्यामुळे तिचा झगा गुडघ्याच्याही वर गेला होता, आणि डोंगरावरून थंडी तर अशी उतरत होती की दात वाजावेत. नव्या पाकळ्या कधी येतील, असं बकुळाने विचारलं. परीने नाक ओढत सांगितलं, पुढच्या दिवाळीला.

बकुळाने रिबिनीतली पाकळी काढून हातात धरली. "या परीला तिच्या तिन्ही पाकळ्या परत पाहिजेत."

झगा सळसळला. एक, दोन, तीन पाकळ्या लखलखत जागच्या जागी बसल्या. परीने वाकून आपले पाय झाकले गेलेत का ते पाहिलं, मग बकुळाकडे पाहिलं. तिची थंडी पार पळाली. शिंकही येईना.

पहाटे बकुळाच्या कानात कुणीतरी तुतारी फुंकली. तुतारी दाण्याएवढी होती, म्हणून बाकी कुणी जागं झालं नाही. मावळे पहाऱ्यावर होते. दोघांनी काडेपेटीतली काडी खांद्यावर वाहून आणली, चौघांनी तेलाची वाटी ढकलत आणली, आणि नाईक उटण्याच्या पुडीवर उभा राहून हुकूम सोडत होता. बकुळाने चूल पेटवली, पाणी तापत ठेवलं, तेल कोमट केलं, दारात पणती लावली. आईसाठी पाट मांडला, भोवती रांगोळीची वेडीवाकडी रेघ ओढली.

आई दचकून उठली. नेहमीप्रमाणे तीच आधी उठणार होती ना. बकुळाने तिला हाताला धरून पाटावर बसवलं आणि तिच्या टाळूवर तेल घातलं. इवल्या इवल्या हातांनी ती केसांना चोळू लागली. मल्हारीने एक सुजलेला पाय घेतला, भैरूने दुसरा. पायांपेक्षा जमिनीलाच तेल जास्त लागलं, पण आईने पाय मागे घेतले नाहीत. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. भैरूने विचारलं, उटणं डोळ्यांत गेलं का? आई हो म्हणाली. उटण्याची पुडी तर अजून उघडलीही नव्हती.

इकडे मावळ्यांनी चटईच्या विणीतून भाजणीचा कण न् कण वेचून डब्यात भरला होता. शेवटच्या खेपेला तर वाघही त्यांनी बैलासारखा कामाला लावला होता.

डोंगरामागे तांबडं फुटलं, तेव्हा खिडकीतून परी आत आली. पूर्ण पिवळाधमक झगा, झगमगणारे पंख. ती भाजणीच्या डब्यावर बसली आणि म्हणाली, "तुळशीच्या लग्नापर्यंत हा डबा रिकामा होणार नाही. ही इच्छा तू मागितली नाहीस, म्हणून तिला नियम नाहीत." मग ती बकुळाच्या नाकावर टेकली, नाकाचा गोड पापा घेतला आणि गोल गोल गिरकी घेत वर उडाली. आधी सोनेरी, मग केशरी, मग लख्ख पिवळा उजेड घरभर पसरला. सगळ्यांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा परी नव्हती, आणि सूर्य उगवला होता.

बाबा डोळे चोळत बाहेर आले आणि भिंतीपुढे उभे राहिले. चारही भिंती शेवंतीसारख्या पिवळ्या. त्यांनी बोट फिरवलं, वास घेतला, कोपरे तपासले.

"रंगाचे दोन हात दिलेत," ते गंभीरपणे म्हणाले, "आणि ब्रशाची एक रेघ नाही. कोण आहे हा रंगारी? माझी कामं घेईल हा."

किल्ल्यावर मावळे पुन्हा मातीचे होऊन ऐटीत उभे होते. नाईकाच्या मिशीला भाकरीचा कण चिकटला होता आणि गुहेतला वाघ पांढराच राहिला होता. त्या दिवशी चकल्या झाल्या. गल्लीतल्या कुत्र्यांना दारातच एकेक मिळाली. आणि तेव्हापासून दर दिवाळीला त्या घरात पहिला पाट आईसाठी मांडला जातो. मल्हारी आणि भैरू आता मोठे झालेत, दोघांनाही मिशा आल्यात, पण कोणता पाय कुणाचा यावरून ते अजून भांडतात.