एका शेराची घटका

फार वर्षांपूर्वी, आमथडीत कुणाच्याच घरी घड्याळ नव्हतं, त्या काळची ही गोष्ट. महादेवाच्या देवळात तांब्याचं एक घटिकापात्र होतं. वाटीएवढं भांडं, बुडाला बारीक भोक. पाण्याने भरलेल्या घंगाळात ते सोडायचं. भोकातून पाणी शिरून ते बुडालं की एक घटका झाली. मग लिंबा गुरव काशाच्या थाळीवर टोला द्यायचा आणि पात्र पुन्हा सोडायचा. सूर्य उगवल्यापासून बारा टोले होईपर्यंत पाटाचं पाणी खालच्या आळीला, तिथून दिवस मावळेपर्यंत वरच्या आळीला. वरच्यांची शेतं जास्त, म्हणून वेळ जास्त. त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

खालच्या आळीत धुरपताबाई राहायची. एकटी बाई, लोकांची दळणं करून पोट भरायची. असं म्हणतात, तिच्या हाताला अशी लय होती की एका घटकेत बरोबर एक शेर बाजरी दळून व्हायची. बारा टोल्यांना बारा शेर, म्हणजे तीन पायल्या. चार शेरांची पायली हे तिला शाळेत कुणी शिकवलं नव्हतं, कारण गावात शाळाच नव्हती.

पुढे खालच्या आळीला पाणी पुरेना. कडेच्या वाफ्यांपर्यंत पोहोचायच्या आत पाटाचं दार फिरायचं. मिरची उभी करपली. "तुमचे बांध फुटलेत, नीट घाला," वरचे म्हणाले. बांध घातले, तरी तेच. तिसऱ्या वर्षी खालच्या बारा घरांनी ठरवलं, पाडवा झाला की गाव सोडायचं. गाड्यासुद्धा भरायला काढल्या.

त्याच दिवसांत धुरपताबाईच्या ध्यानात आलं, की बारा टोले होतात तेव्हा तीन पायल्या पीठ होत नाही. सव्वादोनच होतं. बारा शेरांच्या जागी नऊ.

"वय झालं आता, आक्का," शेजारणी म्हणाल्या.

ती तडक देवळात गेली आणि चारचौघांत म्हणाली, "माझं हात म्हातारं झालं, का घटका ल्हान झाली? एवढं मला कुणीतरी सांगा."

लोक हसले. लिंबा गुरवाला मात्र ते लागलं. तीस वर्षांत त्याचा एक टोला चुकला नव्हता. "आक्का, देवाच्या भांड्यावर आळ घेऊ नका."

"तुझ्यावर न्हाई घेत, लिंबा. पर सूर्य काय म्हातारा झाला न्हाई. त्यालाच इचारू."

दिवस आणि रात्र सारखी असते तो दिवस आला. त्या दिवशी सूर्योदयापासून मध्यान्हीपर्यंत पंधरा घटका होतात, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. दीपमाळेची सावली उंबऱ्यावर आली की मध्यान्ह. धुरपताबाईने जातं देवळापुढे मांडलं, पंधरा शेर बाजरी मोजून घेतली आणि सूर्य वर येताच खुंट्याला हात घातला.

बारावा टोला पडला. लिंबा पात्र उचलायला गेला. रोज तो तिथेच थांबायचा, म्हणून पुढचं कधी कुणी मोजलंच नव्हतं. "चालू ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. पंधरावा टोला पडला तरी सावली उंबऱ्यापासून लांबच होती. हसणारे सावलीकडे बघू लागले. असं म्हणतात, तिथून पुढे तिने जातं ओढलंच नाही. खुंट्यावर नुसता हात होता आणि दगड आपोआप फिरत होता. चिमण्या येऊन बसल्या, पण एकीनेही दाण्याला चोच लावली नाही.

विसावा टोला पडला, सावली उंबऱ्यावर आली आणि शेवटची मूठ जात्यात गेली. पंधरा शेर, पंधरा घटका. टोले मात्र वीस.

मग सगळ्यांनी बोटांवर हिशेब केला. वीस टोल्यांत पंधरा घटका, तर बारा टोल्यांत नऊ. खालच्या आळीचं तीन घटकांचं पाणी रोज वरच्या शेतात जात होतं, आणि ते कुणी चोरलंही नव्हतं.

लिंबाने पात्र उचलून भोकाकडे पाहिलं. भोकात गाळ अडकून कुणावर अन्याय होऊ नये, म्हणून तो रोज सकाळी त्यात दाभण फिरवायचा. तीस वर्षांत भोक मोठं झालं होतं. तो लहान मुलासारखा रडू लागला.

"रडू नगंस," धुरपताबाई म्हणाली. "चोरी न्हाई केलीस तू. काळजी वाइच जास्त केलीस."

तांबटाकडून नवं पात्र करून आणलं. तिने एक शेर दळावं आणि तेवढ्यात ते बुडावं, असं जुळेपर्यंत तांबट घाम पुसत भोकाशी खटपट करत राहिला. भरलेल्या गाड्या पुन्हा रिकाम्या झाल्या. खालच्या आळीतली ती बारा घरं आजही तिथेच आहेत, वाढून चाळीस झाली तरी लोक त्यांना बारा घरंच म्हणतात.

आता पाण्याला मोटारी आहेत आणि हातात फोन आहेत. तरी दरवर्षी त्या दिवशी चौथीचा वर्ग देवळापुढे भरतो. जातं वरच्या आळीतलं पोर ओढतं, टोले खालच्या आळीतलं पोर मोजतं, आणि गुरुजी फळ्यावर तेच गणित घालतात. लिंबाच्या घरातला माणूस पात्र सोडण्याआधी भोकात दाभण घालत नाही, नुसती फुंकर मारतो.

आणि आमथडीत कुणाचा हात कामाला मंदावला, तर "वय झालं" असं कुणी म्हणत नाही. आधी वर बघतात, सूर्य कुठवर आलाय ते.